रुळावर कलम आहे, फलाटावर नाही

आमच्या स्टेशनवर गाड्या कमी आणि दोन गाड्यांमधला वेळ जास्त. त्या वेळात माणूस काय करणार? चहा पितो आणि घडलेलं सांगतो. एकाचं सांगून होतंय तोवर दुसऱ्याला काहीतरी आठवतं, तेवढ्यात गाडी येते आणि राहिलेलं उद्यावर जातं. अकरा वर्षांत माझ्याकडं असं इतकं साठलंय की परवा माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, तू नोकरीला जातेस का गप्पा मारायला?"

मी रेल्वेच्या पोलिसात आहे. कोल्हापूर आणि मिरजेच्या मधलं, हातकणंगल्याच्या जवळपासचं एक लहान स्टेशन. नाव सांगत नाही, कारण किश्श्यातली माणसं अजून रोज भेटतात. दोन फलाट, मध्ये एक पूल, पुलाला बेचाळीस पायऱ्या. एका अंगाला बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला वस्ती. पूल मधोमध आणि माणसांची घरं दोन टोकांना. त्यामुळं पुलावर कुत्री झोपतात आणि रुळांवरनं माणसं जातात.

चौकीत आम्ही दोघंच. मी आणि हवालदार चौगुले. त्यांना सगळं स्टेशन मामा म्हणतं. साहेबसुद्धा चुकून एकदा मीटिंगमध्ये मामा म्हणाले होते. मामांचा आवाज असा की त्यांनी अलीकडच्या फलाटावरनं हाक मारली तर पलीकडच्या वस्तीतली म्हैस मान वळवते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत आणि अजून एका दमात पूल चढतात.

* * *

स्टेशनवरची सुरक्षेची मोहीम सुरू झाली ती एका वाईट गोष्टीमुळं. शेजारच्या स्टेशनवर कॉलेजचा एक पोरगा गेला. कानात गाणी होती, गाडी मागनं आली. पंचनाम्याला मामा गेले होते. परत आल्यावर दोन दिवस त्यांच्या डब्यातली भाकरी तशीच घरी जात होती.

त्याच आठवड्यात साहेबांनी मीटिंग लावली. साहेब म्हणजे आमचे इन्स्पेक्टर. तरुण, नगरकडचे, मनानं चांगले, पण प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय. ते म्हणाले, "मोबाईल बघत चालणारा एकही माणूस सुटता कामा नये. सगळ्यांवर कारवाई."

मामांनी हात वर केला. "साहेब, धरतो की. पण कशात धरायचं?"

"म्हणजे?"

"कलम कंचं लावायचं?"

साहेबांनी पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं चाळली. रूळ ओलांडला तर गुन्हा, हे होतं. पण फलाटावर मोबाईलमध्ये डोकं घालून चालला तर काय, हे कुठंच नव्हतं. कायदा लिहिणाऱ्यांच्या वेळी फोन भिंतीला टांगलेला असायचा. तो घेऊन कोण चालणार?

मामांनी सगळं शांतपणानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी त्यो फलाटावरनं मोबाईल बघत कडंला चालला तर आपण गप बसायचं. आणि खाली रुळावर पडला की मग पळत जाऊन दंड करायचा. असंच न्हवं?"

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि चहा मागवला.

* * *

दंड नाही तर नाही, निदान सूचना तरी द्या, असं ठरलं. स्टेशनच्या भोंग्यावर रोज एक रेकॉर्ड लागायची. एक बाई अतिशय गोड आवाजात सांगायची की प्रवाशांनी भ्रमणध्वनीचा वापर करीत मार्गक्रमण करू नये. ती सांगत असायची आणि लोक भ्रमणध्वनीचा वापर करीत मार्गक्रमण करत असायचे. कुणी मान वर करत नव्हतं. एका आजोबांनी मला विचारलं, "ह्या बाई कुठल्या बँकेच्या म्हणायच्या?"

एक दिवस रेकॉर्ड बिघडली. स्टेशनमास्तरांनी माईक मामांच्या हातात दिला आणि सांगितलं, तेवढं गाडी येईपर्यंत बोला.

मामा बोलले. "ओ निळं शर्टवालं पावणं, व्हय, तुमीच. व्हॉट्सॅप मागनं बघा. गाडी आलिया. तुमी तिला बघितलं न्हाईसा तर ती काय तुमाला बघणार हाय व्हय?"

अख्ख्या फलाटानं मान वर केली. निळे शर्टवाले चौघं होते, चौघांनीही फोन खिशात घातला. पुढं मामांना नादच लागला. "पिवळी साडी, जरा मागं सरका, लेकरू हाय कडंवर." "दोघं मित्र, भांडान हितं न्हाय, भाईर." तीन आठवडे आमच्या फलाटावर कुणी पिवळी रेघ ओलांडली नाही. लोक गाडीपेक्षा भोंग्याकडं लक्ष देऊन उभे राहायचे, आपलं नाव येतंय का म्हणून.

मग कुणीतरी वर तक्रार केली, की स्टेशनवर अधिकृत नसलेल्या सूचना दिल्या जातात. माईक काढून घेतला. गोड बाई परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला रोज जाणारे एक शाळामास्तर चौकीच्या दारात आले, काळजीनं विचारायला लागले, "आज कुणी वरडंना. गाडी रद्द हाय का काय?"

* * *

रूळ ओलांडणाऱ्यांसाठी महिन्यातनं एकदा जज्जसाहेब आमच्याच स्टेशनवर येतात. वेटिंग रूममध्ये टेबल मांडायचं, मागं खुर्ची, शेजारी कारकून. धरलेल्या लोकांनी तिथंच यायचं, कबूल करायचं, दंड भरायचा. कोर्ट फिरतं असतं म्हणून सरकारी कागदावर त्याचं नाव मोबाईल कोर्ट.

साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "बुधवारी मोबाईल कोर्ट". बाजारपेठेत बातमी पसरली.

बुधवारी सकाळी वेटिंग रूमच्या बाहेर रांग लागली. मला आनंद झाला, लोक शहाणे झाले म्हणून. पहिला नंबर एका किराणा दुकानदाराचा होता. आत गेला, नमस्कार केला आणि जज्जसाहेबांच्या टेबलावर आपला फोन ठेवला.

"काय आहे हे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"मोबाईल हाय साहेब. सा म्हयन्यांत बॅटरी गेली. दुकानदार म्हणतोय गॅरंटी संपली. तुमीच न्याय करा."

कारकुनानं मागं पाहिलं. दुसऱ्याच्या हातात काच फुटलेला फोन. तिसऱ्या बाई म्हणाल्या, त्यांचा फोन चांगला आहे, पण नवरा रात्रंदिवस त्यात बघतो, त्याला दोन शब्द सुनवा.

जज्जसाहेब वयस्कर होते, गंभीर चेहऱ्याचे. मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या बाईंना विचारलं, "नवरा आलाय का बरोबर?"

"व्हय. भाईर हाय."

"बोलवा त्यांना."

बाई दारात गेल्या, परत आल्या. "बोलवलं. पण त्येचं लक्षच न्हाई. मोबाईल बघतोय."

* * *

दर मंगळवारी शिरोळकडनं एक म्हातारी यायची. तिला सगळे अव्वा म्हणत. कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावची, बोलताना निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि रागावली तर पूर्ण कानडी. गाडी तिला दोन नंबरच्या फलाटावर उतरवायची आणि बाहेर पडायचा रस्ता एक नंबरवर. अव्वा उतरली की सरळ फलाटाच्या टोकाला जायची, कडेला बसून, हात टेकून हळूच खाली उतरायची आणि रूळ ओलांडायची.

मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाव लिहून घेतलं. मला वाईट वाटत होतं, पण मोहीम होती.

कोर्टाच्या दिवशी अव्वा आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून, देवाला निघाल्यासारखी. जज्जसाहेबांनी विचारलं, "आजी, पूल असताना रुळावरून का जाता?"

अव्वानं कमरेच्या पिशवीतनं एक कागद काढला. डॉक्टरचा होता. ती मंगळवारी यायची ती गुडघ्यांच्या डॉक्टरकडंच. कागदावर गोळ्यांची नावं होती आणि खाली डॉक्टरनं लिहून दिलं होतं, जिना चढायचा नाही.

जज्जसाहेबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. "आता डॉक्टर म्हणतात जिना चढू नका आणि कायदा म्हणतो जिना चढा. मी काय करू, सांगा."

"तुमी काय करनार," अव्वा म्हणाली. "कायदा चांगलाच हाय की, बाळ. पर त्येला गुडघं न्हाईत."

लिफ्ट मंजूर आहे असा बोर्ड आमच्या स्टेशनवर चार पावसाळे खाऊन बसलाय, ते सगळ्यांना माहीत होतं. जज्जसाहेबांनी तिला ताकीद देऊन सोडलं आणि आम्हाला सांगितलं, "यांची काहीतरी सुरक्षित सोय करा."

आम्ही सोय केली. मंगळवारी अव्वाची गाडी आली की मामा स्टेशनमास्तरांना विचारून येतात, दोन्हीकडनं गाडी नाही याची खात्री करतात. मग एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मामा, मध्ये अव्वा, असे आम्ही सावकाश रूळ ओलांडतो.

म्हणजे मोहिमेच्या आधी एकजण रूळ ओलांडत होती. आता तिघं ओलांडतो.

* * *

साहेबांचा किस्सा त्यांनीच सगळ्यांना सांगितलाय, म्हणून मी सांगायला हरकत नाही.

वरच्या ऑफिसला रोज मोहिमेचे फोटो लागायचे. ग्रुपवर टाकायचे, खाली ओळ लिहायची. मी टाकलेले फोटो साहेबांना पसंत पडायचे नाहीत. कुणाचं डोकं कापलेलं, कुणाचे डोळे मिटलेले. शेवटी एक दिवस ते स्वतःच आले. शाळेची पोरं गोळा केली, पोरांच्या हातात "सावध राहा, सुरक्षित राहा" असा फलक दिला आणि मामांना मध्ये उभं केलं.

"सगळे आले पाहिजेत," साहेब म्हणाले आणि फोन डोळ्यांसमोर धरून एक पाऊल मागं गेले. फलकाचं एक टोक कापलं जात होतं. आणखी एक पाऊल. मग मामांची टोपी बाहेर राहत होती.

मी म्हटलं, "साहेब."

"एक मिनिट, ताई."

मामांनी शिट्टी तोंडाला लावली. ती वाजली तेव्हा साहेब फलाटावर नव्हते.

गाडी यायला अर्धा तास होता, म्हणून आज हे हसत सांगते. आम्ही सगळे कडेला धावलो. साहेब खाली खडीत बसलेले, पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपराला खरचटलेलं, पण फोन धरलेला हात वर होता. मामांनी आधी नीट पाहून घेतलं, हातपाय हलतायत का. हलत होते. मग खाली उतरून साहेबांना उठवलं, अंगावरची धूळ झटकली, सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहेब, आता मातर कलम लागू झालं."

साहेब फोन पुसत चौकीत गेले. पण त्या महिन्याच्या कोर्टाची यादी मी टाईप करायला घेतली तर शेवटचं नाव त्यांच्या अक्षरात होतं. त्यांचंच. बुधवारी ते साध्या कपड्यात आले, रांगेत उभे राहिले आणि कबूल म्हणाले.

जज्जसाहेबांनी विचारलं, "कारण?"

"सुरक्षेची जनजागृती करत होतो, सर."

* * *

इअरफोन घालणाऱ्यांवर मामांचा विशेष राग. तो पोरगा गेल्यापासनं. वायर दिसली की ते पळत सुटायचे.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक माणूस सायकल ढकलत रूळ ओलांडायचा. चाळिशीचा, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले. कबनूरला यंत्रमागावर कामाला आणि घर आमच्या पलीकडच्या वस्तीत. दोन्ही कानांत पांढरी वायर. मामांनी शिट्टी मारली, त्यानं पाहिलं नाही. हाक मारली. मामांची हाक, तरी पाहिलं नाही. मामा धावले, खांद्याला धरून त्याला मागं ओढलं आणि मी पोचेपर्यंत त्यांचं सुरू झालं होतं. "गाण्यापायी मरायचं हाय व्हय? बायकापोरं हाईत का न्हाईत? आन तो फोन हिकडं."

तो माणूस मामांच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. फोन मागतायत हे कळल्यावर त्यानं वायरीचं टोक खिशातनं बाहेर काढलं. त्याला काही जोडलेलं नव्हतं. नुसती वायर.

मामांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला.

त्याचं नाव दस्तगीर. चौकीत बसवून पाणी दिलं. आम्ही सावकाश, तोंडासमोर बोललो की त्याला निम्मंअर्धं समजायचं. तो म्हणाला, "ईस-पंचीस वर्सं माग चालीवतोय. खडखड खडखड. कान गेल्यात. रस्त्यात लोक हाका मारत्यात, मला कळंत न्हाय, मग बहिरा म्हनून हसत्यात. ही वायर घातली की समजत्यात, गडी गाणी ऐकतोय. मग कोन हसत न्हाय. खांद्याला हात लावून नीट बोलत्यात."

मी कागद पुढं ओढला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासनं मामांनी सहा वाजता शिट्टी मारायची सोडली. बाजारातनं एक लालभडक रुमाल आणला. दस्तगीर टोकाला आला की मामा समोरच्या बाजूला उभे. गाडी असली तर रुमाल वर, नसली तर रुमाल खांद्यावर. दस्तगीर मान हलवतो आणि जातो. एकदा मामा रजेवर होते तर तो टोकाला तसाच उभा राहिला, मी जाऊन हात धरेपर्यंत.

महिन्याच्या शेवटी साहेबांनी आढावा घेतला. "चौगुले, तो संध्याकाळचा इअरफोनवाला धरला का?"

"धरला, साहेब."

"फोन जप्त केला?"

"फोन न्हाईच त्येच्याकडं."

"मग इअरफोन कशाला घालतो?"

मामा म्हणाले, "ते त्यानं आपल्यासाठी घातल्यात, साहेब."

* * *

आता हा एक सांगते आणि थांबते. गाडीची वेळ झालीय.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, फलाट रिकामा. मंगल नावाची एक बाई रोज या वेळी कामावरनं परत यायची. सुताच्या कांड्या भरायच्या कारखान्यात कामाला. शांत बाई. रोज पुलावरनं जायची, म्हणून आमची तिची कधी गाठ पडली नव्हती. पण आठवडाभर मी बघत होते, ती पुलाकडं न जाता फलाटाच्या टोकाला जाते आणि रुळांच्या मधे थांबून फोनवर बोलते. जाता जाता नाही, थांबून. मी मनात म्हटलं, उद्या सांगू.

त्या दिवशी जलद गाडी येणार होती, आमच्या स्टेशनवर न थांबणारी. मंगल रुळात उभी होती, पाठमोरी, एक कान हातानं दाबलेला, दुसऱ्या कानाला फोन. मामांनी हाक मारली. गाडीनं भोंगा दिला. ती बोलतच होती. मामा पळाले. मी त्यांच्या मागनं पळाले, पण मामा पुढं होते. त्यांनी तिच्या दंडाला धरलं आणि दोघं पलीकडच्या खडीत पडले. मग मध्ये गाडी आली. मला अलीकडनं फक्त डबे दिसत होते, एकामागनं एक. एवढी लांब गाडी मी आयुष्यात पाहिली नाही.

गाडी गेली. दोघं बसलेले होते. फोन बाजूला खडीत पडला होता आणि चालू होता. आतनं एक पोरगी ओरडत होती, "आई? आई, बोल की. आई."

मामांनी फोन उचलला. "आई हाय. दम खातिया. थांब जरा."

चौकीत आणून दोघांना पाणी दिलं. खटला तर लिहायला पाहिजे होता. मामांनी पेन घेतलं, पण हात इतका थरथरत होता की पहिलं अक्षर उमटेना. मी म्हटलं, आणा इकडं. माझाही तसाच. मंगलनं आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "द्या. मी लिवते. सातवी पास हाय."

तिनंच आपला कागद भरला. नाव, गाव, वय. खाली एक ओळ असते, आरोपीचं म्हणणं. तिथं थांबली. मामा म्हणाले, "खरं आसंल ते लिवा, वैनी. कोर्टात जातंय."

तिनं लिहिलं, "लेकीशी बोलत होते. घरी बोलता येत नाही."

मग तिनं हळूहळू सांगितलं. मुलगी पुण्याला नर्सचं शिकत होती, तिथंच तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं. वडलांनी सांगितलं, तिचं नाव या घरात निघायचं नाही. तीन महिने फोन नव्हता, मागच्या आठवड्यात आला. घरात सासू, नवरा, शेजारी. पुलावर गावातली माणसं. कारखान्यात मागांचा आवाज. "तेवढीच जागा हाय, जितं कोन ऐकत न्हाय."

मी कागद बघून म्हटलं, "ताई, ही ओळ बदलूया. नुसतं चुकून ओलांडला असं लिहा. कोर्टात मोठ्यानं वाचतात."

ती म्हणाली, "न्हाई. आसू दे. कुटंतरी लिवल्यालं आसू दे."

बुधवारी ती आली, पण एकटी नव्हती. बायको गाडीखाली जाता जाता वाचली, ही बातमी गावात पोचली होती, म्हणून नवरा बरोबर आला होता. उंच, काळासावळा माणूस, चार म्हशींचा गोठा. आला तो आधी मामांकडं गेला. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मग वेटिंग रूमच्या दाराशी जाऊन उभा राहिला, टोपी हातात धरून. मंगलनं माझ्याकडं पाहिलं. मला कळलं, पण आता काही करता येत नव्हतं. कागद टेबलावर पोचला होता.

कारकुनानं तो नेहमीच्या आवाजात वाचला. नाव, गाव, वय. आरोपीचं म्हणणं, लेकीशी बोलत होते, घरी बोलता येत नाही.

जज्जसाहेबांनी वर पाहिलं. "कबूल आहे?"

"कबूल हाय," मंगल म्हणाली.

त्यांनी कमीत कमी होता तेवढा दंड केला. तिनं पदराची गाठ सोडून भरला. दोघं बाहेर आली आणि फलाटावरच्या बाकावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पावती द्यायची राहिली होती, म्हणून मी मागनं गेले, आणि जवळ जाऊन थांबले.

नवरा रुळांकडं बघत बसला होता. पॅसेंजर आली, थांबली, गेली. मग तो मान न वळवता म्हणाला, "काय म्हणत हुती?"